जुना कॅमेरा, कोणता ठेवावा?

थंडीतली पहाट. नांदूर मध्यमेश्वरच्या निरीक्षण मनोऱ्यावर तुम्ही उभे आहात. चक्रवाकांची जोडी पाण्यावरून उठते आणि नेमका तेव्हाच कॅमेरा रुसतो. तेव्हा पिशवीतला जुना कॅमेरा हाताशी हवा. पण कपाटात दोन असतील तर कोणता?

मेगापिक्सेल मोजत बसू नका, आधी बॅटरी बघा. समजा, रोजचा कॅमेरा निकॉन डी ७२०० आहे. २०१० सालचा डी ७००० त्याच बॅटरीवर, त्याच कार्डावर चालतो. २००८च्या डी ९० ला बॅटरी वेगळी, म्हणजे चार्जरही वेगळा. डी ९० चे रंग मला आजही फार आवडतात, तरी पिशवीत मी डी ७०००च ठेवीन.

मुठीजवळचं रबर सुटलं असेल तर ते चिकटवता येतं. लेन्समधून मात्र टॉर्च मारून बघाच. आपल्याकडच्या पावसाळ्यानंतर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते.

ठेवताना बॅटरी काढून ठेवा, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. महिन्यातून एकदा गोदाघाटावर नेऊन वीसेक फोटो काढा. आणि हो, त्याआधी तारीख तपासा. पडून राहिलेल्या कॅमेऱ्याचं घड्याळ हमखास मागे गेलेलं असतं.