पाच वाजल्यानंतर

(कोल्हापुरात वस्तीतल्या तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



नुसती कविता वाच म्हणून बोलावलं असतं तर सोपं होतं. तुम्ही विषय दिलात, वस्तीतल्या पोरांच्या खेळाचं आणि सहलींचं काय करायचं. मी मुंबईच्या गोदीत ओझी ओढणारा माणूस, शिक्षण मॅट्रिक. बालमानसशास्त्र वगैरे आपल्याला येत नाही. पण एक प्रश्न येतो, तो सरळ विचारतो. पाच वाजता शाळा सुटल्यापासून रात्री नऊपर्यंत आपली पोरं असतात कुठं?

पेठेतल्या पोराला तालीम आहे. कोल्हापुरात तालीम म्हंजे नुसती लाल माती नव्हे, हे तुम्हाला मी काय सांगायचं. तिचा फुटबॉलचा संघ असतो, तिचा गणपती असतो, भांडणाला धावून येणारी माणसं असतात. चौदा वर्षांचं पोर शाहू स्टेडियमवर आपल्या तालमीच्या नावानं घसा फोडतं, तेव्हा ते कुणाचंतरी असतं. बंगल्यातल्या पोराला क्लास आहे, पोहणं आहे, उन्हाळ्यात शिबिर आहे. आणि आपलं? पोरगी असेल तर पाणी भरते, धाकट्याला कडेवर घेऊन फिरते, आई चार घरची धुणीभांडी उरकून येईपर्यंत भाकरी थापते. पोरगा असेल तर गॅरेजात पाने पुसतो, चहाचे ग्लास पोचवतो, नाहीतर चौकात कुणाच्यातरी मोबाइलमध्ये डोकं घालून उभा. पांढरपेशांनी संध्याकाळीवर ढिगानं कविता लिहिल्या. आमच्या पोरांची संध्याकाळ म्हंजे दुसरी पाळी. आणि वर आपणच म्हणतो, पोरं वाया गेली! वाया न जाण्यासाठी कुठं जायचं होतं त्यांनी?

आमच्या शाळेची सहल निघायची. ज्यांनी पैसे भरले ते गाडीत. ज्यांनी भरले नाहीत ते वर्गात, शुद्धलेखन लिहीत. एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण सहामाहीला निबंध यायचा: 'आमची सहल'. मार्क दहा. जे गेलेच नाहीत त्यांनी काय लिहावं? मी समुद्र लिहिला. न बघितलेला समुद्र दोन पानं लिहिला, नारळाच्या झाडांसकट. माझं पहिलं साहित्य ते. पुढं खरा समुद्र बघितला तो पोट भरायला गेलो तेव्हा, गोदीच्या भिंतीआड, तेलाचा तवंग असलेला.

आता इथंच कुणीतरी उठून म्हणेल, आधी शिक्षण, आधी भाकरी, खेळ-सहली हे पोट भरलेल्यांचे चोचले. हे बोलणं आपल्या चळवळीत पुष्कळदा ऐकलंय, आणि मला ते साफ नामंजूर आहे. जरा इतिहास बघा. आपल्याला कामाच्या जागी कधी कुणी अडवलं? मेलेलं ढोर ओढायला, गटार उपसायला, पोती उचलायला या, या, बिनधास्त या! अडवलं ते पाण्यावर. अडवलं चहाच्या दुकानात. अडवलं खेळात. माणूस काम थांबवून दुसऱ्या माणसाशेजारी बसतो, त्या जागी जात आडवी आली.

पळवणकर बाळू घ्या. चांभाराचं पोर. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची कामं करत होता. साहेबाला सरावासाठी तासन् तास चेंडू टाकायचा. चेंडू टाकायला चालतो, पण बॅट काही त्याच्या हातात दिली नाही. पुढं हिंदूंच्या संघात घेतला. मैदानात त्यानं हाताळलेला चेंडू सगळ्यांना चालायचा, चहा मात्र त्याला बाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ साली इंग्लंडला जाऊन ह्या माणसानं शंभराच्या वर बळी घेतले. १९३७ च्या निवडणुकीत हाच बाळू बाबासाहेबांच्या विरोधात काँग्रेसकडून उभा राहिला आणि पडला, ते वेगळं. पण खेळपट्टी झाडणारा हात आपला आणि बॅट दुसऱ्याची, हा हिशेब आजही फार बदललेला नाही.

शाहू महाराजांना हे कळलं होतं. १९०८ साली आपल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग काढलं, १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, १९१९ ला अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून पोरं एका शाळेत बसवली. ह्याच राजानं १९१२ ला खासबागचं कुस्ती मैदान उभं केलं. आणि ह्याच राजानं गंगाराम कांबळेंना हॉटेल काढून दिलं, तिथं जाऊन चहा प्याला. चहा! शाळेइतकाच त्याला चहाही महत्त्वाचा वाटला. बाबासाहेबसुद्धा उतारवयात व्हायोलिन शिकायला बसले होते. त्यांना काय कामं कमी होती?

कायद्याचं म्हणाल तर कायदा आहे. मुलांना विश्रांतीचा आणि खेळाचा हक्क आहे असं जगातल्या राष्ट्रांनी १९८९ च्या करारात लिहिलं, भारतानं १९९२ ला तो मान्य केला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळेला मैदान पाहिजे असं लिहिलंय. ठीक. पण शाळा सुटली की फाटकाला कुलूप, मग मैदान कुणाला? आपलं पहिलं मागणं हेच करा. महापालिकेच्या शाळांची मैदानं संध्याकाळी पाच ते आठ वस्तीला उघडी पाहिजेत. निवेदन द्या, नाही ऐकलं तर पोरं घेऊन फाटकासमोर बसा. कबड्डीला काय लागतं? फक्कीची एक पुडी.

पोरींना वेळ नसतो म्हणतात. मग तिला सांगा, धाकट्याला घेऊन ये. त्याला आपल्यापैकी कुणीतरी सांभाळेल. तुमच्या कडेवर पोर बसलं तर क्रांती अडत नाही.

आता कडू बोलतो. जयंतीला आपण वर्गणी काढतो. डीजेला किती जातात ते तुम्हाला माहीत आहे, आकडा तुमच्याच वहीत आहे. एका रात्रीत खिडक्या हादरतात आणि पैसा संपतो. त्यातला चौथा हिस्सा बाजूला काढा, वर्षभर पोरं फिरतील. एसटीत बारा वर्षांखालच्यांना अर्धं तिकीट, २०२३ पासून बायकांनाही अर्धं. म्हंजे आयासुद्धा येतील. त्यांनी तरी कधी सहल बघितलीय?

आपल्या पोरांना आपण नेतो कुठं? चैत्यभूमी, दीक्षाभूमी, महाड. नेलंच पाहिजे. इथं हाकेवर हातकणंगले तालुक्यात माणगाव आहे. मार्च १९२० मध्ये तिथं परिषद भरली, बाबासाहेब अध्यक्ष, आणि महाराज स्वतः हजर. ती जागा न बघितलेली पोरं आपल्या वस्तीत आहेत, हे बरं नव्हे. पण तिथं त्यांना पांढरे कपडे घालून उन्हात रांगेत उभं करतो, भाषणं ऐकवतो, परत आणतो. पोर थकून झोपतं. जिथं घोषणा द्यायची नाही, कुणाला अभिवादन करायचं नाही, अशा जागीही त्याला एकदा न्या. रंकाळ्यावर भेळ खाऊ द्या. दाजीपूरच्या जंगलात गवा दिसतो का बघू द्या. पन्हाळ्यावर पळू द्या. पळून दमली की मग शिवा काशीदाच्या पुतळ्याजवळ बसवून १६६० ची गोष्ट सांगा. महाराजांचा वेष घेऊन मरणाला सामोरा गेलेला न्हावी. पोरं नीट ऐकतील, मी खात्रीनं सांगतो. डबे मात्र एकत्र उघडायचे, सगळ्यांची भाकरी मधे ठेवायची. ज्याच्या डब्यात नुसती चटणी आहे त्यानं पाठ फिरवून खाऊ नये.

आणि परत आल्यावर त्यांना निबंध लिहायला सांगू नका.

पहिली फेरी पन्हाळ्याची धरा, येत्या महिन्यातला दुसरा रविवार. माझे दोन हजेरीचे पैसे मी इथं ठेवून जातोय. वही टेबलावर आहे, नावं आजच लिहा. पोरींची आधी.