रेज आला की काय करायचं? कॉल की फोल्ड?

आज जरा पत्त्यांबद्दल बोलू. लिमिट पोकर. आमच्या येडगावात दिवाळीला तीन पत्ती बसते, त्यामुळे 'चाल' आणि 'पॅक' हे शब्द तुम्हाला नवे नाहीत. लिमिटमध्ये बोली ठरलेली असते. मनाला येईल तेवढं कुणी वाढवू शकत नाही.

आम्ही भावंडं शेंगदाण्यांवर खेळतो, पैशांवर नाही. एकदा शेवटचं पान उघडलं तेव्हा मध्ये 160 दाणे होते. माझ्याकडे एक जोडी. मी 20 लावले, चुलतभावाने रेज करून 40 केले. आता मध्ये 220, आणि मला अजून 20 घालायचे. बहुतेक जण इथे विचारतात, "मी जिंकणार का?" हा प्रश्नच चुकीचा. खरा प्रश्न असा, की 12 वेळा अशी वेळ आली तर मी एकदा तरी जिंकेन का? 11 वेळा हरलो तर 20 प्रमाणे 220 गेले, एकदा जिंकलो तर 220 आले. म्हणजे बरोबरी. म्हणून लिमिटमध्ये पॉट मोठा झाला की शेवटच्या रेजला घाबरून टाकणं सहसा महाग पडतं.

पण समोर कोण बसलंय तेही बघायचं. हा चुलतभाऊ हवेत रेज मारणाऱ्यातला नाही. मी टाकलं.

शेवटच्या आधीच्या पानावर रेज आला तर हिशोब बदलतो. तिथे आत्ताचे 20 घालून सुटका नाही, पुढच्या पानावर पुन्हा 20 मागितले जाणार. म्हणजे कॉल एक दिसतो, पण खर्च दोनाचा. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 मध्ये दोघांतला लिमिट होल्डेम संगणकाने जवळजवळ पूर्ण सोडवला. आपल्याकडे तो संगणक नाही, पण एवढी बेरीज जमते.

आता हे मी का सांगतोय? टोमॅटोमुळे.

2023 च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात 20 किलोच्या क्रेटला 2000 च्या वर भाव गेला होता. ती आठवण आमच्याकडे अजून कुणाच्या डोक्यातून जात नाही. त्यानंतरच्या एका हंगामात आमच्या 20 गुंठ्यांत माल उभा होता आणि भाव पडला. तोडणी, गाडी, हमाली मिळून क्रेटला 90 रुपये खर्च, हातात येत होते 70. वडील म्हणाले, "बांबू, तार, मल्चिंग, एवढं घातलंय. आता सोडायचं कसं?"

मी म्हटलं, "दादा, घातलेलं गेलं. ते आता आपलं नाही. झाडावर अजून जो माल आहे, तो पॉट. तो मिळवायला इथून पुढे किती लागणार तेवढंच मोजू."

मोजलं. नुसती तोडणी नव्हती, करपा आलेला, म्हणजे फवारणीही लागणार. कॉल एक, खर्च दोनाचा. दोन तोडे केले, तिसऱ्याला प्लॉट सोडला. वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. वेल उपटताना मीही त्यांच्याकडे बघू शकलो नाही. त्या जागी रांगडा कांदा लावला.

पुढे महिनाभरात भाव 150 वर गेला. गावात लोक म्हणाले, "पोरानं घाई केली." मला रात्री झोप लागेना. मग पुन्हा वही काढली. त्या दिवशी जे दिसत होतं, त्यावर निर्णय बरोबरच होता. नंतर उघडलेलं पान बघून आधीचा डाव चुकला म्हणायचं नसतं. तसं म्हणायची सवय लागली की माणूस पुढच्या वेळी प्रत्येक रेजला कॉल करतो, आणि मग खरंच बुडतो.

कांद्याचे पैसे आले तेव्हा वडिलांनी वही मागितली आणि स्वतः बेरीज केली. काही बोलले नाहीत. पण परवा भाव पडला तेव्हा त्यांनीच विचारलं, "इथून पुढे किती लागणार रे?"

तुमच्या शेतात, दुकानात असा रेज कधी आला होता? विचार करून ठेवा. पुढच्या भागात भेटू. राम राम.