राबाची भाजणी आणि वणव्याचा धोका

(कडाव परिसरातील ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



होळी झाली की कर्जत-खालापूरच्या डोंगरांवर रात्री अग्नीच्या माळा दिसू लागतात. मुंबईहून आलेल्या पाहुण्याला ते दृश्य मनोहर वाटते. कोथळीगडाच्या किंवा ढाकच्या पायथ्याशी ज्यांची गुरे चरतात त्यांना मात्र त्यात पावसापर्यंतचा चारा जळताना दिसतो. यांतील बहुतेक वणवे निसर्गतः लागत नाहीत. कोणाच्या तरी अंगणातून, बांधावरून किंवा विडीच्या थोटकातून ते निघालेले असतात.

आपल्याकडे शेतातील आगीचे सर्वांत जुने रूप म्हणजे राब. भाताची दाढ जेथे पेरायची त्या तुकड्यावर शेण, टहाळ, पातेरा व गवत यांचे थर रचून, वर माती पसरून उन्हाळ्यात ते भाजावयाचे, ही कोकणची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. हा प्रश्न सरकारदरबारीही नवा नाही. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील रयतेच्या जंगलविषयक गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या मुंबई वन आयोगाने १८८७ साली अहवाल दिला. त्या गाऱ्हाण्यांत राबासाठी लागणाऱ्या टहाळाचे गाऱ्हाणे प्रमुख होते. राब हा निव्वळ अडाणीपणा आहे, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्या उष्णतेने तणाचे बी मरते, राखेतून पालाश मिळते आणि रोपे जोमदार येतात. परंतु त्यासाठी झाडे ओरबाडली जातात, शेणातील नत्र धुराबरोबर निघून जाते आणि एखाद्या दुपारी वारा फिरला की राबाची आग बांध ओलांडते.

याला पर्याय आपल्याच तालुक्यात आहेत. कर्जतचे कृषी संशोधन केंद्र १९१९ पासून भातावर काम करीत आले आहे. गादीवाफ्यावर चांगले कुजलेले शेणखत व भाताच्या तुसाची राख घालून, काहीही न भाजता रोपे तयार करता येतात. नेरळचे श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा भात तंत्रात तर कायम गादीवाफ्यांवर भात टोकले जाते. चिखलणी नाही, लावणी नाही, म्हणून रोपवाटिका नाही आणि राबही नाही. या पद्धतीत तणाचा बंदोबस्त काळजीपूर्वक करावा लागतो व त्याला खर्च येतो, हेही शेतकऱ्याला आधीच सांगितले पाहिजे. अर्धेच सांगितलेले तंत्र दुसऱ्या वर्षी सोडून दिले जाते.

आता कायद्याकडे वळू. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ अन्वये राखीव वनात आग लावणे, तसेच वनास धोका पोहोचेल अशा रीतीने अन्यत्र आग पेटवणे हा गुन्हा आहे. म्हणजे ‘मी माझ्या मालकीच्या जागेत पेटवले’ हा बचाव चालत नाही. आगीच्या बाबतीत दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असा निष्काळजीपणा केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ प्रमाणे ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कचरा उघड्यावर जाळण्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये देशभर मनाई केली आणि साध्या प्रकरणी ५,००० व मोठ्या प्रमाणावरील जाळपोळीसाठी २५,००० रुपये भरपाई ठरवून दिली.

याच वन अधिनियमाचे कलम ७९ आपल्यापैकी फार थोड्यांनी वाचले असेल. वनात चराईचा किंवा वनोपजाचा हक्क असलेल्या माणसावर आगीची खबर देण्याचे व ती विझवण्याचे बंधन आहे, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु वनालगतच्या गावात जो शासनाच्या नोकरीत आहे, किंवा गावाच्या सेवेसाठी शासनाकडून वेतन घेतो, त्याच्यावरही तेच बंधन आहे. आणि कोणी सांगेपर्यंत वाट पाहण्याचीही मुभा नाही. येथे बसलेल्या पुष्कळांनी हे आपल्यालाच लागू आहे असे समजावे.

एक गोष्ट स्पष्ट बोलतो. वणवा लागला की संशयाचे बोट प्रथम ठाकूरवाडीकडे किंवा कातकरीवाडीकडे वळते. मोह वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळण्याची किंवा नवे गवत चांगले फुटावे म्हणून माळ पेटवण्याची चाल आहे, ती बंद झाली पाहिजे. पण गेल्या काही वर्षांत या भागात फार्महाऊसे व बंगले उभे राहिले आहेत. तेथील राखणदार मालक येण्यापूर्वी आवार स्वच्छ दिसावे म्हणून भर दुपारी वाळके गवत पेटवतो. त्याला कोणी नियम सांगितलेला नसतो. ग्रामपंचायतीने घरपट्टीच्या बिलाबरोबर मराठीत छापलेली सूचना अशा प्रत्येक मालकाला द्यावी आणि दंड करावयाचा तर दोन्ही ठिकाणी सारखाच करावा. पालापाचोळ्यासाठी आवाराच्या कोपऱ्यात एक खड्डा पुरेसा आहे; वर्षभरात त्याचे खत होते.

ज्यांना यंदा राब भाजल्यावाचून गत्यंतर नाही त्यांनी वनरक्षकाला आधी कळवावे. तुकड्याभोवतीचा पट्टा मातीपर्यंत खरवडून घ्यावा. पहाटे, वारा पडलेला असताना भाजणी करावी. दुपारचा वारा डोंगराकडे वाहतो आणि चढावर ज्वाळा पुढचे गवत आधीच तापवीत जातात, म्हणून तेथे आग माणसापेक्षा वेगाने धावते. पाण्याची पिंपे व ओल्या टहाळांचे भारे हाताशी असावेत. शेणाचा निखारा राखेखाली रात्रभर जिवंत राहतो, तेव्हा पाणी मारून राख उलथल्याशिवाय जागा सोडू नये. पेंढ्याच्या गंज्या घराला व गोठ्याला खेटून रचू नयेत.

बंब खोपोलीसारख्या ठिकाणाहून निघाला तरी वाडीपर्यंत रस्ता असेलच असे नाही. म्हणून प्रत्येक वाडीतील पाच-सहा तरुणांची नावे, फावडी, कोयते व पाण्याची ठिकाणे यांची यादी ग्रामपंचायतीत फेब्रुवारीपूर्वी तयार हवी. त्या यादीखालीच अग्निशमनाचा १०१, आपत्कालीन मदतीचा ११२ आणि वनविभागाचा १९२६ हे क्रमांक लिहून ती शाळेच्या व्हरांड्यात लावावी.