सायकल येते का हो तुम्हाला?

(मंडळाच्या उन्हाळी सहलीत केलेल्या भाषणावरून)



जेवणाआधीचं भाषण म्हणजे वक्त्याची परीक्षाच. मिसळीचा वास मलाही येतोय, त्यामुळे थोडक्यात आटोपते.

आधी एक प्रश्न. ज्यांना सायकल येते त्यांनी हात वर करा बरं. बघा, पुरुषांचे जवळजवळ सगळे हात वर! बायकांमध्ये मात्र बरेच हात मांडीवरच आहेत. आणि भारतातून आलेल्या आई-सासूबाई एकमेकींकडे बघून नुसत्या हसतायत.

पुण्यात कितीतरी मुली सायकलवरून शाळा-कॉलेजला गेल्या, हे खरं. पण ते काही सगळ्याच घरात नव्हतं. भावाला तासाच्या भाड्याने सायकल मिळायची. दांडीखालून पाय घालून, हाफ पायडल मारत, गुडघे फोडून घेत तो शिकायचा. बहिणीला मात्र "पडलीस म्हणजे?" आमच्याकडे तसंच होतं. मी सायकल शिकले ती इथे येऊन, वयाच्या ४२व्या वर्षी, लेकाच्या मित्रांची नजर चुकवून.

म्हणून सांगते, मोठ्या माणसाला शिकता येतं. कोणी मागे धरून पळायची गरज नाही. आधी दोन्ही पायडल काढून टाकायची. दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकी सीट खाली घ्यायची. पायांनी ढकलत ढकलत, किंचित उतारावर, तोल सांभाळायला शिकायचं. ब्रेक कसा लावायचा तेही तेव्हाच. तोल आला की पायडल लावायची. ज्यांना दोन चाकांवर तोल जमणारच नाही, त्यांच्यासाठी तीन चाकी सायकल असते, हातांनी चालवायचीही असते. नजर अधू असलेल्याला दोघांच्या सायकलवर मागे बसून पायडल मारता येतं. "आता आमचं काय राहिलंय" हे काही कारण नव्हे!

आता आपल्या बॉस्टनचीच एक गोष्ट. किटी नॉक्स नावाची मुलगी होती, कपडे शिवून पोट भरणारी. वडील कृष्णवर्णीय, आई गोरी. १८९३ साली ती 'लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन' या सायकलस्वारांच्या संस्थेची सभासद झाली. पुढच्याच वर्षी लीगने ठराव केला की सभासदत्व फक्त गोऱ्यांना. १८९५ साली किटी न्यू जर्सीतल्या अ‍ॅस्बरी पार्कला लीगच्या मेळाव्यात गेली आणि सभासदत्वाचं कार्ड पुढे केलं. तिथे बराच गोंधळ झाला. पण ती ठरावाच्या आधीपासूनची सभासद, त्यामुळे तिचं सभासदत्व लीगला मान्यच करावं लागलं. स्कर्टऐवजी स्वतः शिवलेली ढगळ विजार घालून ती सायकल चालवायची. तेव्हा लोकांना त्याचाही राग! १९०० साली, अवघ्या सव्वीस वर्षांची असताना, ती गेली. लीगने तो ठराव अधिकृतपणे नाकारला तो १९९९ साली. म्हणजे शंभरावर वर्षं गेली.

आज तीच लीग वेगळ्या नावाने शिकवणारे शिक्षक तयार करते. माझं प्रशिक्षण तिथलंच. कोण आत आणि कोण बाहेर, हे ठरवणारी सवय मात्र आपल्यातही आहे. आता माझीच चूक सांगते.

काही वर्षांपूर्वी रात्री अकराच्या सुमाराला घरी येत होते. समोरून, माझ्याच लेनमधून, एक माणूस सायकलवर आला. दिवा नाही, काही नाही. मी करकचून ब्रेक मारला, हॉर्न वाजवला आणि काच खाली करून ओरडले. त्याने मान खाली घातली. तेव्हा ओळखलं, ज्या रेस्टॉरंटमध्ये आम्ही नुकतेच जेवलो होतो, तिथे तो भांडी घासायला होता. त्या वेळी बस मिळत नाही, गाडी परवडत नाही, म्हणून सायकल. तो हौसेने नव्हता फिरत. आणि त्याला नियम सांगितले होते कोणी?

नियम साधेच आहेत. चालताना गाड्यांकडे तोंड करून चालतात, म्हणून अनेकांना वाटतं सायकलही तशीच चालवावी. चूक! गाडी ताशी ३० मैल आणि सायकल १० मैल धरा. एकाच दिशेने असाल तर फरक २० मैलांचा, समोरासमोर असाल तर ४० चा. शिवाय उजवीकडे वळणारा ड्रायव्हर डावीकडे बघत असतो. उलट्या बाजूने येणारी सायकल त्याला दिसतच नाही. रात्री पुढे पांढरा दिवा, मागे लाल दिवा आणि रिफ्लेक्टर हवाच. पार्क केलेल्या गाड्यांना चिकटून जाऊ नका, कोण कधी दार उघडेल सांगता येत नाही.

आणि गाडीवाल्यांनो, मॅसॅच्युसेट्समध्ये एप्रिल २०२३ पासून सायकलस्वाराला ओलांडताना निदान ४ फूट अंतर सोडणं कायद्याने बंधनकारक आहे. समोर मोकळं असेल तर त्यासाठी मधली रेघ ओलांडायलाही परवानगी आहे. दोन मिनिटं उशीर झाला तर आमटी गार होत नाही!

तर माझी दोन मागणी आहेत. एक, शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये रविवारी सकाळी शिकायला या. सलवार-कमीज चालेल, ओढणी मात्र घरी ठेवा, चाकात अडकते. दोन, दिवाळीच्या कार्यक्रमाला येताना प्रत्येक घराने सायकलच्या दिव्यांची एक जोडी आणा. आपण रेस्टॉरंटच्या मागच्या दाराने जाऊन ती देऊ. देताना "भाऊ, उजव्या बाजूने चालव रे" एवढं नीट समजावून सांगू.

त्या रात्रीनंतर तो माणूस मला पुन्हा दिसला नाही. माफी मागायची राहिली ती राहिलीच. पण त्याच्यासारखे बरेच आहेत, आणि दिवस आता लहान होत जाणार.

चला, मिसळ गार होतेय.