गाडी मागून वाजते? आधी आवाज शोधा, मग पैसे काढा

मी रोहिणखेडहून बोलते. पापड-मसाला मलकापूरच्या बाजारात न्यायला आमच्या बचत गटाने जुनी जीप घेतली. काही दिवसांनी ती मागून वाजायला लागली. पांदण रस्त्याला लागली की खट-खट, खट-खट. गावातल्या एका सुनेला बाळंतपणासाठी राजूर घाटातून बुलढाण्याला नेत होतो, तर ती दर आचक्याला विचारे, "काकू, चाक तर नाही ना निघणार?"

मेकॅनिक म्हणाला, मागचे दोन्ही शॉकअप अन् पाटे बदला. म्हणजे गटाची सगळी बचत गेली! आम्ही ठरवलं, आवाज कुठून येतो ते आधी आपण पाहू.

पहिलं काम, मागचं सामान काढलं. जॅक, पाना, स्टेपनी. कितीकदा सैल जॅकच वाजत असतो. तरी आवाज आलाच. मग एक बाई मागे बसली आणि त्याच गतिरोधकावरून गाडी हळू नेली. आवाज उजवीकडचा निघाला.

दुसरं, गाडी सपाट जागी उभी करून मागचा कोपरा दोघींनी जोरात दाबला अन् सोडला. गाडी वर येऊन लगेच थांबली तर शॉकअप बरा. डोलतच राहिली तर गेला. शॉकअपवरून तेल ओघळून धूळ चिकटली असेल, तरी तो गेलाच समजा. आमचे कोरडे होते.

तिसरं, बाजूने बॅटरी मारून पाटे पाहिले. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीच शिरू नका. पाटा तुटलेला किंवा यू-बोल्ट ढिला दिसला, तर गाडी हलवू नका, मेकॅनिकला जागेवर बोलवा. आमचे पाटे शाबूत होते. पण पाट्याच्या टोकाला रबरी बुश असतो, तो झिजून लोखंडावर लोखंड आपटत होतं. लहान कारला पाट्यांऐवजी गोल स्प्रिंग असते, पण बुश तिलाही असतातच.

मेकॅनिकला ते दाखवलं. त्यालाही पटलं. दोन्हीकडचे बुश बदलले, तेवढ्यात भागलं. दोन गोष्टी मात्र सांगून ठेवा: बुशचा बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडी चाकांवर उभी असताना, नाहीतर रबर पिळून लवकर फाटतं. आणि काढलेला जुना भाग आपल्या हातात द्यायचा.

त्या सुनेला घरी आणायला तीच जीप गेली. सगळा घाट उतरला, बाळ झोपलेलंच होतं.