बटाट्याची फोड आणि मिठाचे प्रमाण



मुंबईतील परळचा भोईवाडा ही कामगारांची जुनी वस्ती. तिच्या आसपासच के. ई. एम. रुग्णालय, वाडिया बालरुग्णालय व हाफकिन संस्था आहेत. 1892 साली पटकीची लस शोधणारे डॉ. वाल्डेमार हाफकिन यांची प्रयोगशाळा 1899 साली परळच्या जुन्या राजभवनात आली. अशा परिसरातील शाळेतही परासरण शिकविण्यास मोठी प्रयोगशाळा लागत नाही. एक बटाटा, मीठ व दोन पेले पुरतात. आणि हे साहित्य कोणत्याही खेड्यात मिळते.

प्रथम पाण्यात शाईचा थेंब सोडावा. तो न ढवळता हळूहळू सर्वत्र पसरतो. हे विसरण होय. त्यानंतर एकाच बटाट्याच्या बोटभर लांबीच्या दोन सारख्या फोडी कराव्यात. एक साध्या पाण्यात ठेवावी. दुसरी, अर्धा पेला पाण्यात तीन चमचे मीठ विरघळवून, त्यात ठेवावी. दोन तासांनी मुलांनी फोडी मोजून व वाकवून पाहाव्यात. साध्या पाण्यातील फोड ताठ राहते. मिठाच्या पाण्यातील लुळी पडते व किंचित आखडते.

“मिठाने बटाटा खाल्ला,” असे एखादे मूल म्हणेल. शिक्षकाने त्याला चूक म्हणून गप्प करू नये. “मग बटाट्यातले काय कमी झाले?” एवढेच विचारावे. फोड पिळून पाहिली की, पाणी कमी झाले हे मुलांना स्वतःच उमगते. तेव्हाच संज्ञा सांगावी. बटाट्याच्या प्रत्येक पेशीभोवती अर्धपार्य पटल असते. त्यातून पाणी सहज जाते, मीठ सहज जात नाही. म्हणून पाणी पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे जाते. यालाच परासरण म्हणतात.

येथवर पाठ पुरा झाला असे वाटेल. परंतु त्याचे खरे मोल पुढेच आहे. जुलाब लागलेल्या लहान मुलाच्या अंगातील पाणी व क्षार झपाट्याने कमी होतात. त्यास मीठ-साखरेचे पाणी द्यावे, हे घरोघरी ठाऊक आहे. साखर व मीठ योग्य प्रमाणात एकत्र असले म्हणजे आतडे त्यांना शोषून घेते आणि त्यांच्यामागे पाणीही आत जाते. 1971 साली बांगलादेशच्या युद्धकाळात बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रोग्यांना असे द्रावण पाजले. तेथील मृत्यूंचे प्रमाण शेकडा 30 वरून 4 च्याही खाली आले.

परंतु पुष्कळ माणसांना वाटते की, औषध दाट तितके गुणकारी. एक लिटरची पुडी एका पेल्यातच कालविली जाते. मग आतड्यातील द्रावण शरीरातील रसाहून दाट होते, आणि बटाट्याच्या फोडीप्रमाणे बालकाच्या अंगातील पाणीच आतड्याकडे ओढले जाते. उपाय म्हणून दिलेले पाणी जुलाब वाढविते. प्रमाणाचे महत्त्व एवढे की, जागतिक आरोग्य संघटनेने 2002 साली मूळ द्रावणाची तीव्रताही कमी केली.

म्हणून फळ्यावर लिहावे: उकळून गार केलेले पाणी 1 लिटर, साखर चहाचे 6 सपाट चमचे, मीठ अर्धा सपाट चमचा. पुडी असेल तर तिच्यावर सांगितले असेल तेवढेच पाणी घ्यावे. मूल सुस्त झाले, पाणी पिईनासे झाले किंवा शौचातून रक्त पडू लागले, तर विलंब न लावता आरोग्य केंद्र गाठावे, हेही मुलांस सांगावे.

लुळी पडलेली फोड ज्या मुलीने हाती धरून पाहिली, ती घरी धाकट्या भावासाठी पाणी कालविताना चमचा सपाट करील. शाळेतील विज्ञान घरापर्यंत पोहोचते ते असे.