फुकट नमुना आणि खरा शेरा



आपल्यापैकी काही जणी घरगुती मसाले, साबण ऑनलाइन विकतात याचा मला अभिमान आहे. ‘नमुना फुकट घे, पाच स्टार दे,’ असे निरोपही येतात. नाही म्हटले की रुसवा!

अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये असे फुकट मालाच्या बदल्यातले अभिप्राय बंद केले. फक्त स्वतःची ‘वाइन’ योजना ठेवली. आपल्याकडेही ऑनलाइन अभिप्रायांसाठी २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक आले. कारण साधे आहे. आपले स्टार पाहून कुणी अनोळखी माणूस पैसे मोजतो.

म्हणून नमुना जरूर पाठवा. मसाला खारट असेल, तर फोन करून तुम्हालाच सांगेन. बाईंच्या लाल शाईतल्या शेऱ्यांनीच तर आपण घडलो!